सवयींची खानेसुमारी

श्रावणातील सकाळ आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एखादे खेडे आहे. आणि गावची आशा कार्यकर्ती एका घराच्या ओसरीवर मांडीवर छापील कागद घेऊन बसली आहे, अशी कल्पना श्रोत्यांनी क्षणभर करावी. समोरची बाई धानाच्या रोवणीतून दोन घास खाण्यापुरती घरी आली आहे. बांधीतला चिखल तिच्या पिंढऱ्यांवर अजून ओला आहे. वयाचा प्रश्न होतो, तंबाखूचा होतो, दारूचा होतो. आणि मग कागदावरील पुढचा प्रश्न येतो : आठवड्यातून निदान १५० मिनिटे शरीराला श्रम होतील असे काही आपण करता काय? बाई घटकाभर विचार करते आणि उलट विचारते, "हप्त्याचं इचारता का दिवसाचं, ताई?"

ज्या कागदावर हा प्रश्न छापलेला आहे तो कागद क्षुल्लक नव्हे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि काही प्रकारचे कर्करोग हे संसर्गाने न पसरणारे, परंतु एकदा जडले म्हणजे जन्माची सोबत करणारे विकार होत. त्यांचा धोका कोणास अधिक आहे हे घरोघर जाऊन हुडकून काढण्याचा उपक्रम भारत सरकारने २०१६-१७ च्या सुमारास हाती घेतला. वयाची ३० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाकडून आशा कार्यकर्तीने हा कागद भरून घ्यावयाचा असतो. उत्तरांना गुण असतात. तंबाखू कधीच न खाणाऱ्यास शून्य, अधूनमधून खाणाऱ्यास १, रोज खाणाऱ्यास २. आईबापांस किंवा भावंडांस मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असल्यास आणखी २. कंबरेचा घेर फितीने मोजावयाचा. स्त्रियांच्या बाबतीत ८० आणि पुरुषांच्या बाबतीत ९० सेंटिमीटरपर्यंतचा घेर बिनधोक समजावयाचा. परीक्षेत अधिक गुण मिळविणारा विद्यार्थी कौतुकास पात्र होतो. येथे मात्र उलटा न्याय आहे. गुणांची बेरीज ४ च्या वर गेली की त्या व्यक्तीस आधी तपासणीस पाठवावयाचे.

शहरातील कारकुनाच्या, दुकानदाराच्या किंवा दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने १५० मिनिटांचा प्रश्न अगदी नेमका आहे. तो जन्मास आला तोच मुळी खुर्चीवर बसून भाकरी मिळविणाऱ्यांच्या जगात. रोवणीतल्या बाईचे १५० मिनिटांचे श्रम सोमवारी सकाळीच भरून निघतात. तिला या रकान्यात शून्य मिळते, म्हणजे ती निर्धोक ठरते. वस्तुतः तिची व्यथा श्रमांच्या अभावाची नसून अतिरेकाची आहे. गुडघाभर पाण्यात उभे राहून, कंबरेत वाकून, एकामागून एक पऱ्हे चिखलात रोवीत जाण्याचे काम आठवडेच्या आठवडे चालते. त्यानंतर निंदण येते, मग कापणी येते. रात्री पाठ जमिनीला टेकवताना तिला जे होते त्यासाठी या कागदावर रकाना नाही. हजेरीपटावर ज्या मुलाचे नावच नाही, त्याच्या गैरहजेरीची चौकशी कोणी करीत नाही. रकाना नसलेल्या दुखण्याचेही तसेच होते.

कष्टकऱ्यांच्या आरोग्याची आणि राहणीच्या सवयींची पाहणी कशी करावी, हा विषय वरवर कोरडा वाटतो. परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत या पाहण्यांनी कधी कायदे घडवून आणले आहेत, तर कधी वैद्यकशास्त्राच्या समजुती बदलल्या आहेत. आणि जेथे प्रश्न चुकला तेथे हजारो माणसांचे दुखणे दिसेनासेही होऊ शकते.

पूर्वी हे दोन्ही मिळून एकच चांदा जिल्हा होता. इंग्रज अमदानीत त्याची पाहणी झाली ती मुख्यतः जमीनमहसुलाच्या आकारणीसाठी. शेते, तलाव आणि जंगल यांची मोजदाद झाली, माणसाच्या देहाची नव्हे. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली देशाच्या आरोग्याचा पहिला सर्वांगीण अहवाल दिला, तेव्हापासून रोग आणि राहणी यांचा संबंध सरकारी कागदांत ठळकपणे येऊ लागला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १०,७२,९४२ भरली, तर चंद्रपूरची २२,०४,३०७. एका जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी. दुसऱ्यात धान, तेंदूपाने, मोहफुले आणि बांबू. दोन्हीकडे माणूस अंगमेहनतीवर जगतो. मात्र दोघांचे दिवस, ऋतू आणि घरी सापडण्याच्या वेळा अगदी निराळ्या आहेत.

या मंडळींना शहरी रोग होत नाहीत, अशी एक समजूत बरेच दिवस रूढ होती. रानातला वारा, हाताचे काम, साधे अन्न; मग रक्तदाब आणि अर्धांगवायू कोठून येणार? गडचिरोलीजवळच्या शोधग्राम येथील 'सर्च' या संस्थेच्या संशोधकांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील प्रत्येक मृत्यूची चौकशी केली. पद्धत साधी पण चिकाटीची होती. घरात मृत्यू झाला की शिकवून तयार केलेला कार्यकर्ता त्या घरी जाई आणि शेवटच्या दिवसांची हकीकत विचारून घेई : एक हात लुळा पडला होता काय, तोंड वाकडे झाले होते काय, वाचा गेली होती काय, ते एकाएकी झाले की हळूहळू. त्या हकीकतीवरून वैद्य मृत्यूचे कारण ठरवीत. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शंभरातले चौदांहून अधिक, मेंदूच्या आघाताने झालेले निघाले. इतर कोणत्याही एका कारणाने इतकी माणसे दगावली नव्हती. मेंदूच्या आघाताने गेलेली ही माणसे बहुतेक घरीच वारली होती.

आता आशा कार्यकर्तीच्या कागदावरील 'आईबापांस रक्तदाब होता काय' हा प्रश्न पुन्हा वाचून पाहावा. ज्याचा बाप ओसरीवर पडल्या पडल्या एका रात्रीत वाचा गमावून गेला आणि ज्याच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी आयुष्यात कधी बांधली गेली नाही, त्याचा मुलगा या प्रश्नास प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर देईल. त्याचे २ गुण वाचतील आणि धोका मात्र तसाच राहील. 'नाही' आणि 'ठाऊक नाही' या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पाहणी करणाराने ते अंतर कागदावर उमटविले नाही, तर गरिबाचे अज्ञान हेच त्याचे आरोग्य म्हणून नोंदले जाते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अशा पाहणीच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिली विचारण्याची, दुसरी मोजण्याची, तिसरी रक्त तपासण्याची. पहिल्या पायरीवर माणूस जे सांगतो ते मिळते. दुसरीवर त्यालाच ठाऊक नसलेले मिळते. मोजण्यातही शिस्त लागते. माणसाला ५ मिनिटे शांत बसवावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा, तीनदा मोजून शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी घ्यावी, आणि त्यापूर्वी अर्धा तास त्याने चहा वा तंबाखू घेतलेली नसावी असा दंडक आहे. यांतली अखेरची अट या दोन जिल्ह्यांत पाळणे सर्वांत कठीण! अर्धा तास तोंड रिकामे असलेला माणूस सापडण्यासाठी पाहणी करणाऱ्यास कित्येकदा अर्धा तास थांबावे लागते.

तंबाखूचा विषय निघालाच आहे, तर तो जरा विस्ताराने पाहणे योग्य होईल, कारण प्रश्नाची शब्दयोजना चुकली म्हणजे काय होते याचा तो नमुना आहे. पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या जुन्या प्रश्नावल्यांत मुख्य प्रश्न असे तो 'आपण धूम्रपान करता काय?' हा. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखूविषयक पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात असे आढळले; परंतु धूर काढणारे केवळ ३.८ टक्के होते आणि धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे धुरापुरताच प्रश्न विचारणाराच्या हाती शंभरातले चार लागतील आणि बावीस-तेवीस निसटतील. एप्रिल-मे महिन्यांत याच दोन जिल्ह्यांतील कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे रानात शिरून विडीसाठी तेंदूची पाने खुडतात, ७० पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधतात, १,००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी मोजून देतात. देशभरच्या विड्यांना पान पुरविणाऱ्या या हातांत स्वतःसाठी असते ती मात्र विडी नव्हे, तर खर्रा.

खर्रा म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांस सांगणे आवश्यक आहे. सुपारीचे बारीक तुकडे, सुगंधी तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटघोटून एकजीव केलेले हे मिश्रण. ते पन्नीतच गुंडाळून खिशात किंवा कमरेला ठेवतात आणि दिवसभर चिमटी-चिमटीने गालात धरतात. एकाच पुडीतून चौघे घेतात. न देणारा कंजूष ठरतो. स्त्रियांत दातांना लावावयाची नस आणि छत्तीसगडच्या सीमेलगत गुडाखूही चालते. तिला पुष्कळ जणी व्यसन समजतच नाहीत, दात घासणे समजतात. 'तंबाखू खाता काय?' या प्रश्नास अशी बाई 'नाही' म्हणेल, आणि ते खोटे नसेल, कारण ती तंबाखू खात नाही, घासते. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. पण पानठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जाणारा खर्रा हा काही कारखान्यात बनून वेष्टनात येत नाही.

तेव्हा मोजावयाचे कसे? सिगारेट नगावर मोजता येते. चिमटी कशी मोजावी? 'दिवसातून किती वेळा' असे विचारले तर उत्तर येते, 'लागेल तसा.' अनुभवी पाहणीकार येथे तीन युक्त्या करतात. ते 'नेहमी'चे न विचारता 'काल'चे विचारतात, कारण नेहमीविषयी माणूस मत देतो आणि कालविषयी आठवण देतो. ते चिमट्या न मोजता पुड्या मोजतात आणि एक पुडी किती जणांत गेली हेही विचारतात. आणि ते पैसे विचारतात. खर्च हा सवयीचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असतो, विशेषतः तो घरच्या बाईला विचारला तर! 'सर्च'ने २०१५ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यात नमुना-पाहणी केली, तीत पैशांचा हिशोब मांडल्यावर एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. जिल्ह्यात बोलबाला दारूचा, मोर्चे दारूविरुद्ध. पण लोकांचा तंबाखूवरील खर्च दारूवरील खर्चाच्या कित्येक पट निघाला. शिव्या खाते दारू आणि खिसा रिकामा करतो खर्रा, असा तो प्रकार होता.

खर्चाहून वाईट परिणाम तोंडाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली सुपारी ही तंबाखूवाचूनही कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. रोज सुपारी गालात धरणाऱ्याच्या तोंडातील अस्तर हळूहळू पांढुरके आणि ताठर होत जाते, तिखट सोसेनासे होते आणि तोंड उघडेनासे होते. या विकाराची प्राथमिक परीक्षा करण्यास कोणतेही यंत्र नको. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात शिरतात काय हे पाहावे. प्रश्नावलीतल्या दहा प्रश्नांपेक्षा ही तीन बोटे कधीकधी अधिक सांगून जातात.

दारूची गोष्ट आणखी बिकट आहे. वैद्यकशास्त्र मद्यार्काचे प्रमाण ग्रॅमवर मोजते, आणि कारखान्यातील बाटलीवर ते छापलेले असते. मार्च-एप्रिलात पहाटे वेचलेल्या मोहफुलांची घरी गाळलेली दारू, सिरोंचाकडची ताडी, भामरागडच्या माडियांची गोरग्याची रस-दारू, यांवर कोठले लेबल? भट्टीतून पहिल्याने उतरलेली दारू जहाल असते, मागाहून उतरलेली मवाळ. यास्तव पाहणीकार गावातलेच पेले, वाटे आणि बाटल्या, किंवा त्यांची चित्रे, समोर ठेवून 'यातले किती?' असे विचारतो. शिवाय आदिवासींच्या पूजेत, लग्नात, मरणात मोहाच्या दारूला स्थान आहे. देवाला वाहिलेली आणि पाहुण्याबरोबर घेतलेली दारू ही 'पिणे' या शब्दात मोडते काय, याविषयी विचारणारा आणि सांगणारा यांचे एकमत नसते.

आणि तरीही या जिल्ह्यातील सर्वांत परिणामकारक पाहणी दारूचीच ठरली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीस येऊन राहिले. त्यांनी १९८८ च्या सुमारास गावोगाव जाऊन दारूचा हिशोब मांडला : किती पुरुष पितात, किती जण व्यसनाच्या आहारी गेले आहेत, किती पैसा जातो. दारूवर जिल्ह्याचा जो पैसा वर्षाकाठी जात होता, तो जिल्ह्याच्या विकासासाठी येणाऱ्या सरकारी पैशापेक्षा अधिक भरला. अशी तुलना शाळेतल्या मुलालाही समजते. ती गावसभांतून सांगितली गेली, आणि ज्यांच्या घरातून पैसा जात होता त्या बायांनी ती उचलली. आंदोलन उभे राहिले आणि १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

शेजारच्या चंद्रपुरात वाट निराळी झाली. डिसेंबर २०१० मध्ये 'श्रमिक एल्गार'च्या पारोमिता गोस्वामी यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. पुढे माजी सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ही बंदी उठविली. बंदी असावी की नसावी, हा वाद या लेखाचा नव्हे. पण पाहणीच्या शास्त्राला त्यातून एक मोठा धडा मिळतो. ज्या जिल्ह्यात पिणे हा गुन्हा आहे तेथे 'आपण दारू पिता काय?' हा आरोग्याचा प्रश्न राहत नाही, पोलिसाचा होतो. बंदीनंतर 'होय' म्हणणाऱ्यांचा आकडा उतरला, तर पिणारे घटले की कबूल करणारे घटले? आणि बंदी उठल्यावर तो चढला, तर पिणारे वाढले की भीती गेली? दोन्ही पक्ष तोच आकडा हातात घेऊन परस्परविरुद्ध अर्थ काढू शकतात, आणि काढतातही. त्यामुळे सावध पाहणीकार नाव-गाव न लिहिता विचारतो, गणवेशातला किंवा सरकारी गाडीतून उतरलेला माणूस जवळ ठेवीत नाही, आणि एकाच प्रश्नावर विसंबत नाही. दुकानांच्या, अपघातांच्या आणि दवाखान्यांच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहतो.

कोणास विचारावयाचे, हाही तितकाच महत्त्वाचा भाग आहे. पाहणीवाले साधारणतः सकाळी अकराच्या सुमारास येतात, कारण त्यांची गाडी तेव्हा पोचते. त्या वेळी गावात कोण असते? म्हातारे, आजारी, अंगावर पिणारी मुले असलेल्या बाया. कामाचा माणूस एप्रिलात मोहाखाली, मे महिन्यात तेंदूपानांत, आषाढ-श्रावणात बांधीत असतो. आणि हिवाळा सरता सरता अनेक कुटुंबे मिरची तोडण्यास तेलंगणात गेलेली असतात. अशा पाहणीतून जे चित्र निघते ते गावाचे नसून घरी राहिलेल्यांचे असते. घराला कुलूप दिसले की शेजारच्या घरी विचारून रकाने भरण्याचा मोह होतो. तो टाळून संध्याकाळी पुन्हा जाणे, आणि तेव्हाही न भेटल्यास तिसऱ्यांदा जाणे, हाच खरा पाहणीकार.

खाणींत अडचण नेमकी उलटी आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीच्या चंद्रपूर, बल्लारपूर, माजरी या भागांतील खाणींत पाळ्या चालतात. कामगार जागच्या जागी सापडतो. कामावर घेताना आणि पुढे ठराविक वर्षांनी त्याची छाती व फुप्फुसे तपासण्याचा पायंडा खाणकायद्याखालील नियमांनी घालून दिला. परंतु कामावर हजर असलेल्यांचीच तपासणी केली तर कामगार सर्वसाधारण जनतेपेक्षा निरोगी दिसतात. कारण उघड आहे. ज्याचा दम लागू लागला तो हलक्या कामावर गेला, ज्याला उभेच राहवेना तो गावी गेला; उरले ते धडधाकट. रोगशास्त्रात या भ्रमाला स्वतंत्र नाव आहे आणि जगभरच्या गिरण्या-खाणींत तो आढळतो. आज या खाणीत तर उद्या दुसरीकडे जाणारा कंत्राटी मजूर तर नोंदींतून निसटण्याचा संभव सर्वांत अधिक. म्हणून काम सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन विचारल्याशिवाय खाणीचा हिशोब पुरा होत नाही.

भाषेविषयी थोडे. गडचिरोली जिल्ह्यात मराठीच्या झाडीबोलीखेरीज गोंडी, माडिया, छत्तीसगढी, सिरोंचाकडे तेलुगू आणि चामोर्शी-मुलचेरा भागात वसलेल्या निर्वासितांची बंगाली बोलली जाते. प्रमाण मराठीत छापलेली प्रश्नावली येथे निम्म्या घरांच्या उंबरठ्यावर अडखळते. चांगली पाहणी एका जाणकाराकडून प्रश्नाचे भाषांतर करवून घेते, आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्याकडून ते पुन्हा मराठीत आणविते. परत आलेला प्रश्न ओळखू येत नसेल, तर तो बदलावा लागतो. 'व्यायाम' या शब्दाची अशा फेरीत हमखास दाणादाण उडते. तो 'काम' होऊन परत येतो.

प्रश्न विचारलाच न गेल्याने केवढे दुखणे झाकून राहते, याचे उदाहरण याच जिल्ह्यातले आहे आणि ते जगाने वाचले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. सरासरीने एकेका स्त्रीस तीनांहून अधिक विकार होते. आणि त्यांपैकी अवघ्या ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेली होती. या बाया रोज शेतात जात होत्या, पाणी भरत होत्या, स्वयंपाक करीत होत्या. दवाखान्याच्या वहीत त्यांची नोंद नव्हती, म्हणून त्या निरोगी समजल्या जात होत्या. खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावरच तोवर आरोग्यखात्यांची दृष्टी खिळलेली होती. या दोन गावांनी ती हलविली.

याच मंडळींनी केलेली एक विचारणा आकड्यांत मावणारी नाही. आदिवासी लोक दवाखान्यात येत नाहीत म्हणून त्यांना विचारण्यात आले, की तुमचा दवाखाना कसा असावा? उत्तरे आली ती कोणत्याही अभियंत्याच्या नकाशात न सापडणारी. मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढऱ्या कपड्यांचीही वाटते. आजाऱ्याबरोबर आलेल्या नातेवाइकांना राहण्यास जागा हवी. आणि देव कोठे आहे? त्यानुसार शोधग्रामचा दवाखाना खेड्यातील घरांसारखा बांधला गेला, आणि त्याला नाव दिले गेले माँ दंतेश्वरीचे. रोगी येऊ लागले. हीही राहणीच्या सवयींचीच पाहणी होय, फक्त तिचा अहवाल विटांत आणि कौलांत लिहिला गेला.

२०१६ पासून गडचिरोलीत दारू आणि तंबाखू कमी करण्यासाठी 'मुक्तिपथ' हा कार्यक्रम सरकार, 'सर्च' आणि टाटा न्यास यांच्या सहकार्याने सुरू झाला. त्यात गावाचा हिशोब गावापुढेच मांडण्यावर भर आहे. सभेत बसलेल्या माणसाला टक्केवारी लवकर विसरते. पण आपल्या गावातून वर्षाला इतका पैसा पानठेल्यावर जातो, आणि त्यात अमुक इतक्या घरांचे वर्षाचे तांदूळ येतात, हे तो घरी जाऊन बायकोला सांगतो. अर्थात बायकोला ते आधीच ठाऊक असते.

ओसरीवरच्या आशा कार्यकर्तीकडे पुन्हा वळू. तिने १५० मिनिटांच्या रकान्यात खूण केली आहे. बाई रोवणीवर परतण्यास उठते, उठताना एक हात खांबाला आणि दुसरा कंबरेला लावते. आशा ते पाहते. कागदाच्या उलट बाजूला थोडी कोरी जागा आहे. तेथे ती पेन्सिलीने लिहिते : 'कंबर. रोवणी झाली की पुन्हा येणे.' मग फीत गुंडाळते आणि पुढच्या घराकडे निघते. तेथे कुलूप आहे, म्हणजे संध्याकाळी यावे लागणार.